सेल्फ फिरतो, गाडी धरत नाही: जुन्या गाडीचा पेट्रोल पंप बदलण्याआधीची तपासणी

गणपतीच्या आदल्या आठवड्यात आमच्या सिंधुदुर्गातल्या कुठल्याही गॅरेजसमोर अर्धा तास उभं राहा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "सेल्फ बरो फिरता, पण गाडी लागणा नाय." मे महिन्यात मुंबईला परत जाताना पडवीशेजारच्या पत्र्याखाली लावलेली मारुती आठशे किंवा सँट्रो. सगळा पाऊस तिने तिथेच काढलेला. चाकरमानी रात्रभर प्रवास करून उतरलेला आणि दुसऱ्या दिवशी गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची. मेस्त्रींकडे तशाच आणखी दहा गाड्या. पाच मिनिटांत निकाल लागतो, "पंप गेलाय", आणि नवा पंप बसतो. दोन दिवस गाडी चालते, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मीही हे केलंय. माझ्या जुन्या गाडीला नवा पंप घातला आणि ती कुडाळच्या बाजारात भर दुपारी बंद पडली. खरा दोष होता डिकीतल्या गालिच्याखालचा एक अर्थचा (मायनसची वायर गाडीच्या पत्र्याला जोडणारा) बोल्ट. दर रविवारी मालवणच्या बंदरावरून बर्फातली मासळी डिकीत घालून आणायचो, त्याचं खारं पाणी गालिच्यातून झिरपून बोल्ट गंजून फुगला होता. काढून टाकलेला 'मेलेला' पंप नंतर धड निघाला.

म्हणून एक नियम धरून चला. विजेवरच्या पंपाला दोषी ठरवायला दोन पुरावे लागतात: पंपाच्या कनेक्टरपर्यंत पूर्ण करंट पोचतोय, आणि तरीही पेट्रोल येत नाही किंवा अपुरं येतंय. यातला एकच हातात असेल तर पंप विकत घेऊ नका.

हे सगळं पेट्रोल गाड्यांसाठी आहे. जुनी सुमो, ट्रॅक्स, बोलेरो अशा डिझेल गाड्यांत बहुतेक वेळा लाईनमध्ये हवा शिरलेली असते, त्याची तपासणी अगदी वेगळी.

## टप्पा १: पंप कुठल्या जातीचा आहे ते ठरवा

कार्बोरेटरच्या गाड्यांत (पद्मिनी, पेट्रोल अँबेसेडर, साधारण २००० सालापर्यंतच्या आठशे आणि ओम्नी) पंप इंजिनाच्या अंगावर बोल्टने बसवलेला असतो. कॅमशाफ्ट त्याचा दांडा हलवतो आणि आतला रबरी पडदा वरखाली होऊन पेट्रोल ओढतो. याला वायर नसते. वायर दिसत नाही म्हणून "कनेक्शन तुटलंय" असं म्हणणारे लोक मी पाहिलेत.

एमपीएफआय गाड्यांत (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या) पंप विजेवर चालतो आणि टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. काही गाड्यांत मागची सीट उचलली की खाली त्याचं झाकण सापडतं. काहींत टाकीच खाली उतरवावी लागते. आपल्या गाडीत कसं आहे ते आधी सीट उचलून बघा, म्हणजे पुढचा अंदाज येईल.

कार्बोरेटरवाल्यांनी टप्पा २ आणि ३ वाचून थेट टप्पा ८ वर जावं.

## टप्पा २: तयारी

जवळ ठेवायच्या वस्तू:

- मल्टीमीटर, आणि त्याला जोडायला पाचेक मीटर लांब वायर. पंप मागे आणि बॅटरी पुढे असते, त्यामुळे ती लागतेच.
- इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब, दोन वायरी जोडलेला. हा सर्वांत कामाचा. का, ते पुढे येईल.
- पॉलिश पेपर, दहाचा आणि बाराचा पाना, पकड, दोन-तीन जुनी सुती फडकी.
- स्वच्छ पांढरी काचेची बाटली.
- चावी फिरवायला एक माणूस. ही तपासणी एकट्याने नीट होत नाही.
- कोरड्या पावडरचा अग्निशामक. तो नसेल तर निदान दोन घमेली कोरडी वाळू.

गाडी उघड्यावर ढकलून आणा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. मागच्या दारी न्हाणीची चूल पेटलेली असेल तर दहा-पंधरा पावलांचं अंतर पुरेसं समजू नका, चूल विझवा. बॅटरी वापरून वायरचा पिवळा बल्ब बोनेटमध्ये लटकवायची सवय असेल तर आज ती सोडा आणि एलईडी टॉर्च घ्या. पिवळा बल्ब फुटला की ठिणगी पडतेच.

सावधान: नळी तोंडाने ओढून पेट्रोल काढू नका. पोटात गेलं तर त्रास होतोच, पण श्वासाबरोबर फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

तीन-चार महिने उभी गाडी असेल तर बोनेट उघडल्यावर हात घालण्याआधी काठीने ठोका. उंदराचं घरटं असतंच, आणि उंदीर असला की त्याच्या मागावर दुसरं कोणीही असू शकतं. कुरतडलेल्या वायरी दिसल्या तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

## टप्पा ३: पंपाचा विचार करण्याआधीच्या चार गोष्टी

बॅटरी. गाडी बंद असताना मीटर लावा. १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा १०च्या खाली घसरत असेल तर आधी बॅटरी चार्ज करा किंवा दुसरी लावा. अशक्त बॅटरीवर सेल्फ कसाबसा फिरतो, पण पंप आणि ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) अर्धपोटी राहतात आणि पुढचं सगळं निदान चुकतं.

पेट्रोल. काट्यावर विश्वास ठेवू नका. उभ्या गाडीत फ्लोट (टाकीत तरंगून काटा हलवणारा गोळा) अडकतो आणि पाव टाकी दाखवणारी गाडी कोरडी निघते. आमच्याकडे घराच्या उतारावर गाडी लावतात, थोडं पेट्रोल असलं तर ते एका कोपऱ्यात जमतं आणि पंपाचं तोंड उघडं पडतं. गाडी सपाटीला आणा, पाच लिटर ताजं पेट्रोल घाला आणि मग बोला.

पेट्रोल घालताना टाकीचं झाकण उघडताच "फुस्स" असा जोरात हवा आत ओढल्याचा आवाज आला तर थांबा. टाकीला श्वास घ्यायची वाट चिखलाने नाहीतर कुंभारीण माशीच्या मातीने बुजलेली असू शकते. झाकण सैल ठेवून सेल्फ मारून बघा. एवढ्यानेच सुरू झालेल्या गाड्या मी पाहिल्यात.

ठिणगी. प्लगची एक केबल काढा, तिला सुटा प्लग लावा, प्लगचं लोखंड इंजिनाला टेकवून रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि सेल्फ मारायला सांगा. निळसर, कडक ठिणगी हवी. ओल्या दिवसांत डेल्कोचं (प्रत्येक प्लगला पाळीने करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं) झाकण आतून घामेजतं. ते काढून कोरड्या फडक्याने पुसणं हा दोन मिनिटांचा उपाय आहे. ही तपासणी पेट्रोलची कुठलीही नळी उघडण्याच्या आधी करायची, नंतर नाही.

इमोबिलायझर. चावीचं चित्र असलेला दिवा मीटरमध्ये मिचमिचत असेल तर गाडी चावी ओळखत नाहीये. दुसरी चावी आणा. पंपाचा इथे काही संबंध नाही.

खात्री (एमपीएफआय गाडीत): चावी ऑन केल्यावर, सेल्फ न मारता, चेक इंजिनचा दिवा लागायलाच हवा. लागत नसेल तर बहुधा ईसीयूलाच करंट नाही. मग पंपाचा आवाज येणार कुठून? आधी मेन रिले (करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) आणि त्याचा फ्यूज बघा.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबा. पंप शोधताना स्टार्टर जाळणारे कमी नाहीत.

## टप्पा ४: कान लावा

मागचं दार उघडा, सीट उचलून किंवा टाकीच्या तोंडाशी कान लावा, पंखा-रेडिओ बंद. माणसाला चावी फक्त ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद 'उंऽऽ' असा बारीक आवाज येऊन थांबला पाहिजे. ईसीयू लाईनमध्ये दाब भरण्यासाठी पंप तेवढाच चालवतो, म्हणून तो थांबला तर घाबरू नका. पुन्हा ऐकायचं असेल तर चावी बंद करून दहा सेकंदांनी परत ऑन करा.

आता जे ऐकू आलं त्यावरून वाट ठरते.

आवाज अजिबात नाही: टप्पा ५ आणि ६.

सुरुवातीचा आवाज येतो, पण सेल्फ फिरत असताना पंप गप्प: इंजिन फिरतंय हा निरोप ईसीयूला मिळत नाही. क्रँक सेन्सर किंवा डेल्कोमधला सेन्सर आणि त्याची वायर तपासा. आरपीएमचा काटा असलेल्या गाडीत सेल्फ फिरताना तो थोडासुद्धा हलत नसेल तर संशय पक्का होतो. हा दोष असताना पंप बदलून काही उपयोग नाही, आणि बदललेले पंप मात्र भरपूर आहेत.

आवाज येतो, सेल्फ फिरतानाही येतो: टप्पा ७.

आवाज येतो पण घरघर, किंचाळल्यासारखा: पंप दमलाय किंवा त्याची जाळी तुंबलीय. टप्पा ७ आणि ९ दोन्ही करा.

सीएनजी किट बसवलेली गाडी असेल तर आणखी एक सोपी परीक्षा आहे. किटचा स्विच सक्तीने गॅसवर टाकता येत असेल तर टाकून बघा. गॅसवर लगेच धरते आणि पेट्रोलवर नाही, तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही ठीक, दोष पेट्रोलच्याच बाजूला. अशा गाड्यांचे पंप लवकर जातातही, कारण गॅस परवडतो म्हणून टाकीत कायम दोन लिटर पेट्रोल ठेवलेलं असतं. पंपाला थंड ठेवणारं पेट्रोलच असतं, ते नसलं की तो भाजतो.

## टप्पा ५: फ्यूज आणि रिले

फ्यूज बाहेर काढून उजेडात बघा आणि शिवाय मीटरने तपासा. वरून अखंड दिसणारा फ्यूज पायाशी हिरवा पडलेला असतो. खाऱ्या हवेतली ती हिरवी भुकटी करंट अडवते. जळालेला फ्यूज सापडला तर त्याच अँपिअरचा नवा घाला. तो पुन्हा जळला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकलीय किंवा पंप जाम होऊन जास्त करंट ओढतोय. मोठा फ्यूज किंवा तांब्याची तार घालून 'काम चालवू' नका. ती वायर पेट्रोलच्या टाकीकडे जाते.

रिले ओळखायला फ्यूजबॉक्सच्या झाकणावरचं चित्र बघा. चावी ऑन करताना रिलेवर बोट ठेवा, 'टक्' जाणवायला हवा. 'टक्' झाला म्हणजे रिले ठीक, असं मात्र नाही. आतले पॉइंट जळालेले असले तरी टक् होतो. हॉर्नचा किंवा पंख्याचा अगदी तसाच रिले, तेच पाय आणि तोच आकडा असलेला, अदलाबदल करून बघणं सगळ्यांत झटपट.

रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतील तर सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या दोन जागा १५ अँपिअरचा फ्यूज लावलेल्या वायरने जोडा. पंप सुरू झाला तर पंप आणि त्याची मागची वायर ठीक, दोष रिले किंवा त्याला हुकूम देणाऱ्या बाजूला. काही जपानी घडणीच्या गाड्यांत हे आकडे नसतात. तिथे वायरिंगचं चित्र हातात नसेल तर अंदाजाने दोन पाय जोडू नका, ईसीयू उडेल.

फोर्डच्या काही गाड्यांत धक्का बसला की पंप बंद करणारा एक स्विच असतो. महामार्गाच्या एखाद्या खड्ड्यानेही तो उडू शकतो. वरचं बटण दाबलं की पूर्ववत. अशा गाडीचे मालक असाल तर तो कुठे आहे हे आजच शोधून ठेवा.

## टप्पा ६: कनेक्टर आणि अर्थ, आमच्या किनाऱ्याचा खरा आजार

इथे घाई करू नका. घाटावरच्या गाडीत हा टप्पा पाच मिनिटांत उरकेल. समुद्रापासून पाच-दहा किलोमीटरवर वाढलेल्या गाडीत अर्धा दिवस गेला तरी तो वाया नाही.

आधी बल्बची परीक्षा. पंपाचा कनेक्टर सोडवा (टाकीवरचं पंपाचं झाकण बंदच राहू दे), गाडीकडून येणाऱ्या बाजूला २१ वॅटचा बल्ब पंपाच्या दोन वायरींना जोडा आणि चावी ऑन करायला सांगा. दोन-तीन सेकंद बल्ब लख्ख पेटला पाहिजे, थेट बॅटरीवर पेटतो तेवढा. त्याच कनेक्टरमध्ये काट्याच्या फ्लोटची वायरही असते, म्हणून त्यातल्या जाड वायरी निवडा आणि शंका असेल तर रिले जोडून-काढून कुठली जिवंत होते ते बघा.

बल्बच का, मीटर का नाही? मीटर जवळजवळ काहीच करंट ओढत नाही. वायरीतली फक्त एक बारीक तार शाबूत असली तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो आणि तुम्ही म्हणता करंट आला. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, पंप त्याहून जास्त. खरा भार पडला की कुजलेली वायर उघडी पडते. "मीटरवर बारा येतायत, म्हणजे पंपच गेला" हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकलंय, त्यातल्या बऱ्याच वेळा ते खोटं ठरलंय.

बल्ब मंद असेल तर कुठली बाजू कमजोर ते असं शोधा. बल्बची अर्थकडची वायर कनेक्टरमधून काढून लांब वायरने थेट बॅटरीच्या मायनसला लावा. आता लख्ख झाला? मग अर्थ खराब. तरी मंद? मग प्लसची बाजू.

कनेक्टर परत जोडून, पंप चालू असताना मीटरने आकड्यातही बघता येतं. (रिलेच्या जागी वायर जोडली असेल तर पंप सलग चालतो, सोपं जातं.) पंपाच्या अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसता कामा नये. प्लसच्या बाजूने, बॅटरीच्या प्लसपासून पंपाच्या प्लसपर्यंत, अर्ध्या व्होल्टच्या आत. माझ्या त्या गाडीत अर्थच्या बाजूला चार व्होल्टच्या वर होते. म्हणजे पंपाला मिळत होते जेमतेम आठ. तो फिरत होता, आवाजही करत होता, फक्त दाब देत नव्हता.

सावधान: तपासण्यासाठी वायरीच्या प्लास्टिकला सुई टोचू नका. त्या भोकातून खारी हवा आत शिरते आणि दोन पावसाळ्यांत आतलं तांबं काळं पडून वायर आतल्या आत तुटते. बारीक टाचणी कनेक्टरच्या मागच्या बाजूने, रबराच्या कडेने सरकवा.

अर्थ साफ करायची रीत:

१. बॅटरीची मायनस काढा.
२. बोल्ट पूर्ण काढा. वरून घासून उपयोग नाही, गंज खाली असतो.
३. पत्रा आणि वायरीची कडी दोन्ही पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा. रंगसुद्धा राहता कामा नये.
४. कडीतून निघणारी वायर एक इंच सोलून बघा. आतलं तांबं काळं किंवा हिरवं असेल तर लालसर तांबं लागेपर्यंत कापत जा आणि नवी कडी दाबून बसवा.
५. दातेरी वॉशर घालून आवळा.
६. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस थापा. आधी लावलं तर तेच मध्ये येतं.

बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला आणि बॉडीपासून इंजिनाला जाणाऱ्या दोन जाड पट्ट्याही याच वेळी उरकून घ्या.

## टप्पा ७: पंप फिरतोय, पण पेट्रोल पुढे येतंय का?

एमपीएफआय लाईनमध्ये गाडी बंद असतानाही दाब असतो. पंपाचा फ्यूज काढून चार-पाच सेकंदांचे दोन सेल्फ मारा, बॅटरीची मायनस काढा, आणि जोडावर सुती फडकं गुंडाळूनच तो सैल करा. गरम इंजिनावर हे करायचं नाही.

खरी परीक्षा प्रेशर गेजचीच. छोट्या जुन्या गाड्यांत गेज लावायला तयार तोंड बहुधा नसतं, टी-जोड लावावा लागतो. मेस्त्रींकडे गेज असेल तर या एका कामाचे पैसे खुशाल द्या. बहुतेक एमपीएफआय पेट्रोल गाड्यांत आकडा ३ बारच्या आसपास असतो, नेमका आपल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. वाचायची पद्धत अशी:

दाब चढतच नाही, पण बल्ब लख्ख पेटला होता: पंप, त्याची जाळी, पुढचा फिल्टर किंवा टाकीतली फुटलेली नळी. शेवटची गोष्ट लक्षात ठेवा. पंपापासून झाकणापर्यंत एक वीतभर नळी असते. ती चिरली की पंप पेट्रोल टाकीतल्या टाकीत फिरवत बसतो.

दाब ठीक चढतो, पण चावी बंद करताच झर्रकन पडतो: पंपातला उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह, रेग्युलेटर (लाईनमधला दाब नेमका ठेवणारा) किंवा गळका इंजेक्टर. अशी गाडी सकाळी तीन-चार वेळा चावी ऑन-ऑफ केल्यावर धरते.

दाब ठीक चढतो, टिकतो, ठिणगीही आहे: पंपाला सोडा, इंजेक्टरच्या वायरीकडे वळा.

गेज नसेल तर निदान प्रमाण मोजा. फिल्टरच्या पुढची नळी लांब नळीने झाकणाच्या कॅनमध्ये सोडा, बॅटरीची मायनस परत जोडा, फ्यूज घाला आणि रिलेच्या जागची वायर जोडून पंप १५ सेकंद चालवा. पाव लिटरच्या आसपास किंवा जास्त यायला हवं. थेंबथेंब येत असेल तर आधी फिल्टर बदला आणि परत मोजा. फिल्टरवरचा बाण इंजिनाकडे असतो. उलटा बसवलेला फिल्टरही मी काढलाय, आणि तो मीच बसवला होता.

टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने दोन-तीन ठोके देत सेल्फ मारल्यावर गाडी धरली, तर पंपाच्या मोटारीचे ब्रश झिजलेत. हा इलाज नाही, गॅरेजपर्यंत पोचण्याची सोय आहे. लोखंडी हातोडा वापरू नका.

## टप्पा ८: कार्बोरेटरच्या गाडीसाठी

तीन महिने उभ्या गाडीच्या कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून गेलेलं असतं. पंप ते पुन्हा भरेपर्यंत दहा-दहा सेकंदांचे तीन-चार सेल्फ लागतात. त्याआधी निष्कर्ष काढू नका.

मग एअर फिल्टरचं झाकण काढा, वरून आत बघत अ‍ॅक्सिलरेटरची तार हाताने झटकन ओढा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर वाटीत पेट्रोल आहे, पंप बरोबर. धार नाही, तर ठिणगी तयार करणाऱ्या कॉइलची प्लसची बारीक वायर (प्लगकडची जाड नव्हे) काढून ठेवा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. कार्बोरेटरकडे जाणारी नळी काढून बाटलीत धरा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने जोरदार पिचकाऱ्या यायला हव्यात.

आल्या नाहीत तर पंपाकडे येणारी नळी बघा. इथे एक गोष्ट बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही: हा पंप ओढणारा आहे. टाकीपासून येणाऱ्या नळीला बारीक चीर असेल तर पेट्रोल गळणार नाही, हवा आत येईल. खाली थेंब नाही म्हणून नळी चांगली, असं नसतं. आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या काळचं रबर फुगतं आणि नंतर तडकतं. नळी हाताने वाकवा, भेगा दिसल्या तर इथेनॉल चालणारी नवी नळी घाला.

नळ्या ठीक, फिल्टर ठीक, तरी पिचकारी नाही, तर पंपाचा पडदा गेला. पंपाच्या पोटाच्या छोट्या भोकातून पेट्रोल ठिबकतंय का बघा. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर पडद्यातून ते इंजिनात उतरतंय. अशा गाडीला सेल्फ मारू नका. पंप आणि ऑइल दोन्ही बदलल्याशिवाय नाही.

मे महिन्यात फोंडाघाट चढताना गाडी बंद पडते आणि अर्ध्या तासाने आपोआप सुरू होते, हा वेगळा प्रकार. तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती ओढता येत नाही. पंपावर आणि नळीवर ओलं फडकं ठेवा, पंधरा मिनिटं थांबा. पंप बदलून हे थांबत नाही, नळी सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब बांधून थांबतं.

## टप्पा ९: टाकीत काय आहे ते बाटलीत बघा

काचेच्या बाटलीत टाकीच्या तळाचं पेट्रोल घ्या आणि पंधरा मिनिटं हलवू नका. खाली वेगळा थर दिसला तर पाणी आहे. इथेनॉलचं पेट्रोल थोडं पाणी पोटात घेतं, पण एका मर्यादेपलीकडे इथेनॉल आणि पाणी मिळून तळाला बसतात. पंपाचं तोंड तळालाच असतं, त्यामुळे इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. वरून नवं पेट्रोल ओतून हे बरं होत नाही. टाकी रिकामी करा.

बाटलीच्या बुडाला तांबूस भुकटी दिसली तर तो टाकीचा गंज. अर्धी टाकी ठेवून पावसात उभ्या केलेल्या गाडीत वरच्या मोकळ्या भागाला दव सुटतं आणि पत्रा गंजतो. अशा टाकीत नवा पंप सोडलात तर त्याची जाळी काही दिवसांत तुंबेल. आधी टाकी धुऊन घ्या, हवं तर दोन दिवस जास्त लागू द्या.

पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीला यातलं काहीच लागू नाही. २२ जुलै २०२१ला चिपळुणात गाड्या छपरापर्यंत बुडाल्या होत्या. तशा गाडीला "बघूया तरी" म्हणून चावी लावायचीच नाही. बॅटरी काढायची आणि उचलून न्यायची.

## टप्पा १०: पंपच गेला असेल तर

बल्ब लख्ख पेटला, दाब आला नाही, फिल्टर बदलून झाला. आता खुशाल झाकण उघडा. बॅटरीची मायनस काढूनच, आणि झाकणाभोवतीची माती ब्रशने साफ केल्यावरच, नाहीतर ती आतच पडते.

जमलं तर टाकी पावभर असतानाच हे काम करा. पंपाबरोबर जाळी, ती वीतभर नळी, तिच्या क्लिपा आणि झाकणाची रबरी रिंग नवीनच घाला. जुनी रिंग पेट्रोलने फुगलेली असते, परत नीट बसत नाही. पंपाच्या आतल्या कनेक्टरची प्लास्टिकची घरं बघा. तपकिरी किंवा वितळलेली असतील तर तीही बदला. आत नेहमीची चिकटपट्टी गुंडाळायची नाही, पेट्रोलमध्ये ती विरघळून जाळीवर बसते. फ्लोटचा दांडा कुठल्या दिशेला होता त्याचा काढण्याआधी फोटो घ्या.

बसवून झाल्यावर मायनस जोडा आणि सेल्फ न मारता चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करा. प्रत्येक वेळी टॉर्चने झाकण आणि जोड बघा. कोरडं असेल तरच गाडी सुरू करा. सीट मात्र लगेच बसवू नका. टाकी निम्म्याच्या वर भरा, एक चक्कर मारून या, काचा लावून गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी दार उघडताच पेट्रोलचा वास आला तर रिंग कुठेतरी दुमडलीय, झाकण पुन्हा उघडावं लागेल.